आपण स्वतःला कोणत्या मापाने मोजतो?

आजरा, गगनबावडा किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या हायस्कुलात दहावीला पहिली आलेली मुलगी अकरावी विज्ञानासाठी कोल्हापुरात येते. गावात तिच्या अभिनंदनाचा फलक लागलेला असतो, शाळेने सत्कार केलेला असतो आणि 'हुशार' हे विशेषण पाचवीपासून तिच्या नावाला चिकटलेले असते. शहरातल्या वर्गात मात्र आपापल्या शाळेतून पहिले-दुसरे आलेले साठ-सत्तर विद्यार्थी एकत्र बसलेले असतात. पहिल्या चाचणीत तिचा क्रमांक बराच खाली लागतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर ती आईला सांगते, "मला वाटत होतं तेवढी मी हुशार नाही गं." या काही महिन्यांत तिला येणारे गणित कमी झालेले नसते, उलट ते वाढलेलेच असते. तरीही स्वतःविषयीचे तिचे मत उतरलेले असते, कारण तिच्या शेजारी बसणारे बदललेले असतात.

ऑस्ट्रेलियातील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात या अनुभवाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याला 'लहान तळ्यातला मोठा मासा' अशा अर्थाचे नाव दिले. समान क्षमतेच्या दोन विद्यार्थ्यांपैकी ज्याच्या शाळेची सरासरी वरची, त्याचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत खालचे असते, असे त्यांना दिसले. २००३ मध्ये मार्श आणि त्यांचे सहकारी किट-ताई हाऊ यांनी २६ देशांतील १५ वर्षांच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवरून हाच कल पुन्हा दाखवला. याचा अर्थ असा की 'मी किती हुशार आहे' या प्रश्नाचे उत्तर आपण मनात डोकावून वाचत नाही. ते आपण भोवतालच्या खुणांवरून बांधलेले अनुमान असते, आणि कोणत्याही अनुमानाप्रमाणे ते बरोबर किंवा चूक ठरू शकते. हे अनुमान कशाकशावरून बांधले जाते, ते समजून घेतले तर त्यातल्या चुका कोठून येतात हेही दिसू लागते.

येथे दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या करायला हव्यात. 'मी कागलचा आहे', 'मला पोहता येते', 'चारचौघांत बोलायला मला जमत नाही' ही स्वतःची वर्णने झाली. त्यांच्या एकत्रित चित्राला आत्मप्रतिमा म्हणतात. या चित्राला आपण जी किंमत देतो, तिला आत्ममूल्य किंवा आत्मसन्मान म्हणतात. वर्णन तेच असूनही किंमत वेगळी असू शकते. चारचौघांत बोलता न येणे एखाद्या कारागिराच्या लेखी नगण्य असेल, पण वकिली शिकणाऱ्या मुलाची झोप त्याच गोष्टीने उडेल.

ही किंमत कशी ठरते याचे एक सूत्र अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडले होते, आणि माझ्या मते त्याची उपयुक्तता अजून संपलेली नाही. मिळालेल्या यशाला बाळगलेल्या अपेक्षेने भागले की येते ती आपली स्वतःविषयीची भावना, असे ते सूत्र सांगते. म्हणजे ती वाढवण्याचे मार्ग दोन: यश वाढवणे किंवा अपेक्षा कमी करणे. जेम्स यांनी दिलेले उदाहरण कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मुष्टियोद्धा लाजेने मरायला टेकतो. एक माणूस सोडून उरलेल्या सगळ्या जगाला तो हरवू शकतो, पण त्याला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याने स्वतःला त्या एकाशीच जोखलेले असते. ज्याला कोणीही हरवू शकेल असा किरकोळ माणूस मात्र खुशाल हिंडत असतो, कारण त्या क्षेत्रात त्याने काही अपेक्षाच ठेवलेली नसते.

या निरीक्षणाला पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांची चित्रफीत पाहून त्यांच्या चेहऱ्यावरील आनंदाचे मोजमाप करण्यात आले, तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की दुसरा आलेला खेळाडू हुकलेल्या सुवर्णाकडे पाहतो आणि तिसरा आलेला, पदकच हुकले असते या शक्यतेकडे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्या तिसऱ्या क्रमांकाकडे आज कोणी पराभव म्हणून पाहत नाही, कारण आपण तो मोजतो तो पदकच नसण्याच्या जागेपासून.

स्वतःला मोजण्याची ही सवय जन्मजात नसते. नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून बाळाला आरशासमोर बसवले, तर साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात ते आरशाला हात लावण्याऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागते. समोर दिसते ती आपणच आहोत, हे त्याला तेव्हा उमगते. तीन-चार वर्षांचे मूल 'मी खूप जोरात पळतो' एवढे सांगून समाधानी असते. 'मी वर्गात सगळ्यात जोरात पळतो' किंवा 'मला चित्रकला येते पण गणित येत नाही' अशी तुलना आणि तोलून सांगणे साधारण सात-आठ वर्षांनंतर येते, आणि 'मी एकंदरीत कसा आहे' हा प्रश्नही त्याच सुमारास आकार घेतो.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागणारे पहिले साहित्य मिळते ते इतरांच्या चेहऱ्यांवरून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये माणसाच्या 'स्व'ला आरशाची उपमा दिली: समाज हा आरसा आणि त्यात आपल्याला आपण दिसतो. ही उपमा इतकी प्रसिद्ध आहे की तिच्यातली खरी बारीक गोष्ट बहुधा निसटते. कूली यांनी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. समोरच्याला आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो. तो आपल्याविषयी काय मत करत असेल याचीही कल्पनाच करतो. आणि मग त्या कल्पिलेल्या मतावरून आपल्याला अभिमान किंवा शरम वाटते. तीनपैकी एकाही पायरीवर समोरच्याचे खरे मत आलेले नाही. १९७९ मध्ये श्रॉजर आणि शेनमन या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नेमके हेच समोर आले. माणसांचे स्वतःविषयीचे मत 'लोक आपल्याला कसे समजतात' या त्यांच्या समजुतीशी चांगले जुळत होते, पण लोकांच्या प्रत्यक्ष मताशी त्याचा मेळ फारसा बसत नव्हता.

आपल्या पेठांमध्ये 'लोक काय म्हणतील' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते आणि तरुण मुलांना त्याचा राग येतो. तो राग मला समजतो, परंतु या वाक्यामागची प्रक्रिया केवळ जुनाटपणाची नाही. माणसाचा 'स्व' घडतो तोच तिच्यातून. तिचा त्रास होतो तो वाक्यातल्या 'लोक' या मंडळींची संख्या आणि त्यांचे लक्ष आपण मनात फार वाढवून ठेवल्यामुळे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला अवघडल्यासारखे वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले जाई. किती जणांनी टी-शर्टवरचे चित्र ओळखले असेल, असे विचारले की तो साधारण निम्म्यांनी म्हणून सांगे; प्रत्यक्षात ते जेमतेम एक चतुर्थांश जणांच्या लक्षात आलेले असे. लग्नाला तीच साडी दुसऱ्यांदा नेसून गेलेल्या बाईला, किंवा बोलताना एक शब्द चुकलेल्या नवख्या शिक्षकाला, हा निष्कर्ष कोणीतरी आवर्जून सांगायला हवा.

वय वाढते तसे हे चेहरे आपल्या आतच बसतात. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हे खेळाच्या आधारे समजावले. लहान मूल भातुकलीत एका वेळी एकच भूमिका करते, कधी आई तर कधी दुकानदार. सांघिक खेळात मात्र प्रत्येक खेळाडूला इतर सर्वांच्या भूमिका एकाच वेळी मनात धराव्या लागतात. शाहू स्टेडियमवर पेठेच्या तालीम संघाकडून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला बचावपटू, गोलरक्षक आणि प्रतिस्पर्धी यांच्या हालचालींचा अंदाज घेऊनच पुढचे पाऊल टाकावे लागते, आणि चूक झाली तर कोणी ओरडण्याआधीच ती त्याला कळलेली असते. संपूर्ण समूहाचा हा आत रुजलेला दृष्टिकोन म्हणजे मीड यांच्या विवेचनातला 'सर्वसाधारण इतर'. बंद खोलीत एकटे असतानाही आपल्याला लाज वाटू शकते, ती त्यामुळेच.

दुसरे साहित्य तुलनेचे. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की माणसाला आपल्या क्षमतेचा आणि मतांचा अंदाज घेण्याची गरज असते, आणि वस्तुनिष्ठ माप हाताशी नसेल तेव्हा तो इतर माणसांशी तुलना करतो, तीही शक्यतो आपल्यासारख्यांशी. आपण किती किलो वजन उचलतो हे काट्यावर कळते. पण आपण चांगले वडील आहोत का, आपले अक्षर बरे आहे का, आपला व्यवसाय नीट चालला आहे का, यांना काटा नाही. कुस्तीत हे शहाणपण परंपरेनेच आलेले आहे. वस्ताद पोराची जोड लावताना वजन, वय, कसरत आणि मैदानाचा अनुभव पाहतो. नवख्या पोराला तयार मल्लासमोर उभे केले तर दोन मिनिटांत चितपट होऊन तो काहीच शिकत नाही, आणि फार कच्च्याशी लढवले तर स्वतःविषयी त्याचा भलता समज होतो. बरोबरीच्या जोडीतच आपण कोठे आहोत याची माहिती मिळते.

आपल्यापेक्षा वरच्याशी तुलना केली तर प्रेरणाही मिळू शकते आणि खच्चीकरणही होऊ शकते. तेथपर्यंत आपण पोहोचू असे वाटते की नाही, यावर ते बरेचसे अवलंबून असते. खालच्याशी तुलना केली तर तात्पुरता दिलासा मिळतो. मोबाइलवर मात्र जोड लावणारा वस्ताद नसतो. तेथे शाळेतल्या मैत्रिणीचे परदेशातले घर, अनोळखी माणसाचे कमावलेले शरीर आणि चुलतभावाची नवी गाडी एकापाठोपाठ एक येतात. त्या प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला निवडक क्षण पुढे ठेवलेला असतो, आणि आपण त्याची तुलना आपल्या संपूर्ण, न निवडलेल्या दिवसाशी करतो. मला ही तुलना अन्यायाची वाटते, कारण तिच्यात दोन्ही बाजूंची माहितीच सारखी नसते.

तिसरे साहित्य आपल्या स्वतःच्या वागण्याचे. आपण कसे आहोत हे ठाऊक असते म्हणून आपण तसे वागतो, हा क्रम नेहमीच खरा नसतो. डॅरिल बेम यांनी दाखवले की आतल्या खुणा अस्पष्ट असतील तेव्हा आपण त्रयस्थासारखे आपले वागणे पाहतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारू लागलेला माणूस काही महिन्यांनी 'मला चालायची आवड आहे' असे सांगू लागतो.

हे साहित्य ज्या मापाशी ताडून पाहिले जाते, तेही एकच नसते. टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये दोन मापे वेगळी करून दाखवली: आपण कसे व्हावे अशी आस असते ते, आणि आपण कसे असायलाच हवे असे कर्तव्य सांगते ते. हुपरीच्या एखाद्या चांदी कारागिराचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल आणि तीनदा अपयश आले असेल, तर अधिकारी होण्याचे स्वप्न लांबल्याने त्याला निराशा आणि खिन्नता येते. वडिलांचे वय झाले असून आपण अजून घराला हातभार लावत नाही, या विचाराने मात्र त्याला बेचैनी आणि अपराधी भाव येतो. हिगिन्स यांच्या मते पहिल्या तफावतीतून उदासी येते आणि दुसऱ्यातून अस्वस्थता. घरच्यांनी 'एवढं मनाला लावून घेऊ नको' असे म्हणण्याआधी यातली कोणती तफावत मुलाला छळते आहे, हे विचारून घेतले पाहिजे. पहिलीवर दुसऱ्या चांगल्या ध्येयाचा उपाय असू शकतो. दुसरीवर वडिलांच्या तोंडचे एक स्पष्ट वाक्य पुरते.

आतापर्यंत आत्ममूल्य उणे कसे होते याचाच विचार जास्त झाला, परंतु अनुमान उलट बाजूलाही झुकते. १९८१ च्या एका अभ्यासात वाहन चालवण्याच्या कौशल्याबाबत अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के सहभागींनी स्वतःला वरच्या अर्ध्या गटात बसवले होते, जे गणिताने शक्य नाही. आपली किंमत थोडी वाढवून पाहण्याची ही प्रवृत्ती सर्वत्र सारखी नसते. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये असा विचार मांडला की पाश्चात्त्य समाजात 'स्व' हा सुटा आणि स्वतंत्र मानला जातो, तर आशियातील अनेक समाजांत तो नात्यांत गुंफलेला मानला जातो. ज्याची ओळख अमक्याचा मुलगा, तमक्या तालमीचा, अमुक गल्लीचा अशी करून दिली जाते, त्याला घराण्याच्या नावाने वाटणारा अभिमान किंवा शरम ही स्वतःच्या आत्ममूल्याचाच भाग असते.

येथून विषय एकट्या माणसाच्या बाहेर जातो, आणि ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संपूर्ण समाजच एखाद्या समूहाला 'तुम्ही कमी आहात' असे सांगत असेल तर काय होते? १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या कामाची दखल घेतली गेली. पुढच्या संशोधनाने हे चित्र अधिक बारकाईने रेखाटले. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की हीन लेखलेल्या समूहातील माणसांचे आत्ममूल्य खालचेच असते असे नाही; मिळालेली वागणूक ही समोरच्याच्या पूर्वग्रहाची खूण आहे हे ओळखता आले की ती स्वतःला चिकटवून न घेणे जमते. पण ते ओळखायला आपल्या बाजूने उभे राहणारे कोणी आणि वेगळे काही घडताना दिसणे, दोन्ही लागते.

या शहरात ते घडलेले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले आणि १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात ते स्वतः थांबून चहा घेत. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, आणि या पुढाऱ्याचे नेतृत्व तुम्हाला लाभले आहे, असे महाराजांनी तेथे जमलेल्या लोकांना सांगितले. 'स्वतःला कमी समजू नका' असा नुसता उपदेश यांत कोठेच नाही. मुलाला शाळेत बसवणे, त्याच्यासारख्याच माणसाला खुर्चीवर बसलेले दाखवणे आणि राजाने चारचौघांत त्याच्या हातचा चहा पिणे, या सगळ्यांनी समोर दिसणारा पुरावाच बदलला.

पुरावा न बदलता फक्त मत बदलण्याचे प्रयत्न फारसे टिकलेले नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास समिती नेमली होती आणि त्यातून अनेक सामाजिक प्रश्न सुटतील अशी आशा होती. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. उच्च आत्मसन्मान आणि चांगले गुण यांचा संबंध आहे, पण तो बऱ्याच अंशी चांगल्या गुणांमुळे आत्मसन्मान वाढतो असा आहे, हे त्यात आढळले. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे वाक्य मनाशी घोकायला लावले, तेव्हा आधीच कमी आत्मसन्मान असलेल्यांना अधिक वाईट वाटले, असे जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसले; कदाचित त्या वाक्याने त्यांना आपल्यातले आणि त्याच्यातले अंतरच आठवून दिले असावे.

कौतुकाचीही हीच गत आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना 'तू हुशार आहेस' म्हटले, काहींना 'तू मेहनत केलीस'. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर मागे हटली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी घसरली. अकरावीत आलेल्या ज्या मुलीचे उदाहरण सुरुवातीला घेतले, तिच्या बाबतीत फलक आणि सत्कार यांनी नकळत हेच केलेले असते. तिला उपयोगी पडते ते अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये सांगितलेले. 'हे मला जमेल' हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याने ते पार पाडलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाचे प्रोत्साहन, आणि आपल्या शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था. या चारांत पहिला स्रोत सर्वांत बळकट. म्हणून 'तू हुशारच आहेस' असे पुनःपुन्हा सांगण्यापेक्षा तिची मागच्या महिन्यातली उत्तरपत्रिका आणि या महिन्यातली उत्तरपत्रिका शेजारी ठेवून, कोणत्या प्रकारची गणिते आता सुटतात हे तिच्याबरोबर पाहणे अधिक कामाचे आहे. आदल्या वर्षी तशाच गावातून आलेल्या आणि सुरुवातीला तशाच चाचपडलेल्या मुलीशी तिची गाठ घालून देणे हेही तितकेच उपयोगाचे.

एक मर्यादा मात्र पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावी. ॲरन बेक यांनी नैराश्याच्या आजारात तीन गोष्टींविषयीचे मत एकाच वेळी काळवंडते असे नोंदवले आहे: स्वतः, भोवतालचे जग आणि भविष्य. 'मी निरुपयोगी आहे' हा भाव दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिला, त्याबरोबर झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतला रस गेला, तर तो चुकलेल्या तुलनेचा प्रश्न उरत नाही. तेव्हा समजूत घालत बसू नये, मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात त्यासाठी जाता येते, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आली असेल तर दोन आठवडे मोजू नयेत. त्याच दिवशी घेऊन जावे आणि तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.